अंतर्मुख ख्रिस्तसाधना : नवख्या साधकांनी या चुका टाळाव्यात

येशूची शिकवण मरणोत्तर तारणापुरती नसून याच देहात आणि याच स्वभावात घडणाऱ्या पालटाविषयीही आहे, असे मानणारी साधनापरंपरा ख्रिस्ती धर्मात पहिल्या काही शतकांपासून चालत आलेली आहे. नाशिकमध्ये या वाटेकडे वळणारी माणसे निरनिराळ्या दारांनी येतात. कोणी शरणपूर किंवा नाशिकरोडच्या चर्चमध्ये लहानाचा मोठा झालेला असतो आणि त्याला रविवारच्या उपासनेपलीकडचे काही हवे असते, कोणी इगतपुरीचे दहा दिवसांचे विपश्यना शिबिर करून आलेला असतो, तर कोणी अ‍ॅनी बेझंट यांच्या १९०१ सालच्या ग्रंथावरून ‘गूढ ख्रिस्ती धर्म’ हे शब्द प्रथम ऐकतो. अडचणी मात्र बहुतेकांच्या सारख्याच निघतात, आणि त्यांतल्या बऱ्याच अडचणींवर जुन्या साधकांनी उपाय लिहून ठेवलेले आहेत.

शेवटचे पान आधी उघडणे

१९४५ मध्ये इजिप्तमधील नाग हम्मादीजवळ कॉप्टिक भाषेतील जुनी हस्तलिखिते एका रांजणात सापडली, आणि त्यांत येशूची ११४ वचने असलेले थोमाचे शुभवर्तमानही होते. हा मजकूर अभ्यासण्याजोगा आहे, यात शंका नाही. पण तो हाती आला की चर्चने लपवलेली किल्ली आपल्यालाच गवसली, अशा थाटात महिनोन्‌महिने ग्रंथ आणि व्हिडिओ यांतच जातात आणि प्रार्थनेला बसणे राहून जाते. आरंभीच्या चर्चमध्ये काही गोष्टी झाकून ठेवल्या जात, हे खरे आहे. बाप्तिस्मा न झालेल्यांना प्रभुभोजनाआधी बाहेर पाठवीत, आणि चौथ्या शतकातील जेरुसलेममध्ये संस्कारांचा अर्थ नवख्यांना बाप्तिस्मा झाल्यावरच उलगडून सांगत. मात्र त्याआधी उपवास, कबुली आणि शिकवण यांत कित्येक आठवडे गेलेले असत. आजचा उत्साही वाचक नेमका हाच तयारीचा भाग गाळतो.

उसनी संख्या, उसना श्वास

‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर’ ही पूर्वेकडील चर्चची लहानशी प्रार्थना आपल्याकडच्या माणसाला लगेच जवळची वाटते, कारण नामस्मरण त्याच्या कानावर जन्मापासून असते. नाशिकजवळच्या जलालपूरचे जावई असलेले कवी नारायण वामन टिळक आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत, आणि त्यांचे अभंग मराठी चर्चमध्ये आजही म्हटले जातात. त्यामुळे या जवळिकीला परके मानण्याचे कारण नाही. चूक होते ती पुढे. एकोणिसाव्या शतकातील एका रशियन यात्रेकरूच्या प्रसिद्ध कथेत त्याचा गुरू त्याला ही प्रार्थना दिवसाला ३०००, मग ६००० आणि मग १२००० वेळा म्हणायला सांगतो. हे आकडे वाचून लोक थेट मणी ओढू लागतात. पण त्या कथेत गुरू मधूनमधून त्याची विचारपूस करून पुढचा आकडा देतो आणि अखेरीस मोजणेच सोडून द्यायला सांगतो, हे कोणाच्या लक्षात राहत नाही.

श्वासाचेही तसेच आहे. चौदाव्या शतकात ग्रीसमधील अ‍ॅथोस पर्वतावरचे संन्यासी मान खाली घालून श्वासाच्या लयीवर ही प्रार्थना करीत; त्यांची टिंगल झाली तेव्हा ग्रेगरी पालामास यांनी त्यांची बाजू मांडली आणि १३४१ च्या कॉन्स्टँटिनोपल येथील धर्मसभेने ती उचलून धरली. तरीही श्वासाची ही रीत केवळ मन एकाग्र व्हायला मदत म्हणून सांगितलेली आहे, आणि मार्गदर्शकाशिवाय ती करू नये असा इशाराही त्याच परंपरेत वारंवार येतो. इगतपुरीहून आलेल्या साधकाने तर येथे विशेष जपावे. तेथे श्वास जसा आहे तसा, कोणतेही नाव न जोडता पाहायला शिकवतात. येथे नावालाच सारे महत्त्व आहे आणि ते नाव कोणाला तरी उद्देशून घेतलेले आहे. एकाच बैठकीत दोन्ही करू गेल्यास ना निरीक्षण धड होते, ना प्रार्थना.

रुक्षतेला घाबरून वाट बदलणे

साधना सुटते ती बहुधा या टप्प्यावर. पहाटे साडेपाचला उठून बसणाऱ्या माणसाला सुरुवातीच्या दिवसांत गोडी वाटते, क्वचित डोळेही भरून येतात. मग एके दिवशी काहीच होत नाही. दहा मिनिटांत हात मोबाइलकडे जातो, किती वाजले ते पाहिले जाते, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजल्या जातात, आणि ही पद्धत आपल्या स्वभावाला मानवत नाही असा निष्कर्ष निघतो. इजिप्तच्या वाळवंटात राहिलेला आणि ३९९ मध्ये वारलेला संन्यासी इव्हाग्रियस याने या अवस्थेला भरदुपारचे भूत म्हटले आहे. त्याच्या वर्णनातील साधूला सूर्य आकाशात खिळल्यासारखा वाटतो. तो खिडकीशी जातो, जेवणाची वेळ व्हायला किती उरले ते पाहतो, एखादा सोबती येतो आहे का म्हणून डोकावतो, आणि मग त्याला ही कोठडी, हे काम आणि हे गावच नको होऊन दुसरीकडे साधना अधिक चांगली होईल असे वाटू लागते. इव्हाग्रियसचा उपाय अगदी साधा आहे : कोठडी सोडायची नाही, आणि त्या विचाराला पवित्र शास्त्रातील एका छोट्या वचनाने उत्तर द्यायचे.

येशूसंघाचे (जेझुइट संघाचे) संस्थापक इग्नेशियस लोयोला यांच्या साधनापुस्तिकेला १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली. तिच्यात हाच सल्ला अधिक नेटका आहे. मन उजाड असताना आधी केलेला कोणताही निश्चय बदलू नये. उलट ठरलेल्या तासापेक्षा थोडे अधिकच बसावे. रुक्षतेची कारणे ते तीन सांगतात. आपला स्वतःचा आळस, देवाने घेतलेली आपली पारख, आणि गोडी ही आपली कमाई नसून देणगी आहे याची जाणीव होणे. पहिले कारण आधी तपासावे, हे माझे मत. रात्री एकपर्यंत मालिका पाहून पहाटे येणाऱ्या रुक्षतेला गूढ नाव देण्यात अर्थ नाही.

आळसातून न आलेली, साधकाला पुढे नेणारी रुक्षता म्हणजे ‘काळोखी रात्र’; ती ओळखण्यासाठी क्रुसाच्या संत योहानाने तीन खुणा दिल्या आहेत. देवाच्या गोष्टींत रस वाटत नाही आणि संसारातल्या गोष्टींतही वाटत नाही. तरीही आपण देवापासून मागे पडतो आहोत ही तळमळ सुटत नाही. आणि पूर्वीसारखे विचार-कल्पना करून चिंतन करायला गेले तर ते होतच नाही. प्रार्थनेत रस नाही पण क्रिकेटमध्ये आहे, असे असेल तर ती ही रात्र नव्हे. उदासपणाच्या आजाराने होणारी घालमेल वेगळी ओळखावी, हे योहानानेच सोळाव्या शतकात सांगून ठेवले आहे. म्हणून झोप उडाली असेल, भूक मेली असेल, जगणे नको वाटत असेल, तर पाळकांच्या किंवा फादरांच्या आधी डॉक्टरांकडे जावे.

अनुभवांची मोजदाद

प्रकाश दिसणे, अंग हलके होणे, आवाज ऐकू येणे यांची नोंदवही ठेवणारे साधक कमी नाहीत. अविलाच्या संत तेरेजा यांनी १५७७ मध्ये आत्म्याचे सात दालनांच्या वाड्यासारखे वर्णन केले आणि त्यातच अशा लोकांविषयी बजावले. उपास-जागरणांनी थकलेल्या एका स्त्रीला आठ-आठ तास गुंगी येई आणि ती तिला समाधी समजे. तिला पोटभर जेवू घालून, झोपू देऊन आणि तपश्चर्या कमी करायला लावून तो प्रकार थांबला. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात जेवण तोडून जागरणे करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. दालने पुढे सरकली की नाही याची तेरेजांची कसोटी शेजाऱ्यावरचे प्रेम ही आहे, आणि ती सहवासातच लागते; साधकापेक्षा त्याच्या घरच्यांना तिचा निकाल लवकर कळतो.

या सगळ्यासाठी कोणीतरी विचारणारे हवे. फार मोठा सिद्ध पुरुष शोधण्याच्या नादात वर्षे घालवू नयेत. स्वतः नेमाने प्रार्थना करणारे, आपल्या अनुभवांनी भारावून न जाणारे आणि वेळप्रसंगी ‘हे थांबवा’ म्हणू शकणारे एखादे फादर, सिस्टर, पाळक किंवा वडीलधारी व्यक्ती पुरेशी असते. महिन्यातून एकदा भेटावे. भेटीत दृष्टान्त सांगण्याआधी किती दिवस बसणे चुकले, झोप किती झाली, घरात कोणावर आणि कशावरून आवाज चढला, आणि जी गोष्ट त्यांना सांगूच नये असे वाटले ती कोणती, एवढे सांगावे. मोह नेहमी गुप्तता मागतो असे इग्नेशियस यांचे निरीक्षण आहे, म्हणून ती शेवटची गोष्ट भेटीत सर्वांत आधी काढलेली बरी.