पाहुण्याला घोडा देताय? मग या चुका टाळा

‘तुमची घोडी शांत आहे ना? मग साहेबांना बसवू या की!’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते कानावर पडलं की माझी नजर आधी घोडीच्या तोंडाकडे जाते. मोठा पाहुणा यायचा असला की खोगीर चकाकतं, आयाळ विंचरली जाते, खुरांना तेल लागतं. पाहुणा घोड्यावर टिकेल का आणि घोडा पाहुण्याला सोसेल का, हे मात्र कुणी बघत नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे ‘तुम्हाला बसता येतं ना?’ एवढंच विचारून गप्प बसणं. मोठ्या माणसाला चारचौघांत असं विचारलं तर उत्तर ‘हो’च येणार. तो खोटं बोलत नसतो. वीस वर्षांपूर्वी कुणीतरी लगाम धरून त्याला मैदानात दोन फेऱ्या मारून आणलेलं असतं, त्याच्या लेखी तीच घोडेस्वारी.

माझी घोडी तारा तेव्हा अकरा वर्षांची होती. मुलं तिच्या पोटाखालून जायची, तरी ती कान हलवत नसे. एका समारंभात प्रमुख पाहुण्यांना तिच्यावर बसवायचं ठरलं. रिकिबी, म्हणजे खोगिराला लटकणारे पाय टेकायचे आधार, माझ्या मापाच्या होत्या, त्या आखडून द्यायच्या असं मी मनाशी ठरवलं होतं. पण मी पुढे होईपर्यंत पाहुणे चढून बसलेही होते आणि समोर फोटोवाले उभे होते. आता त्यांना ‘जरा खाली उतरा’ कसं म्हणायचं, म्हणून मी गप्प राहिलो. ती माझी चूक.

रिकिबी त्यांना चांगल्या वीतभर लांब पडत होत्या. पाय टेकेनात, म्हणून त्यांनी टाचा पोटाला आवळल्या. तोल जाईल या भीतीने लगाम थेट छातीशी ओढला. टाच म्हणते चल, लगाम म्हणतो थांब. ताराने चार पावलं मागे घेतली, कान मानेला चिकटवले, शेपटी झटकली. एवढ्यात मागून कुणीतरी ‘चल गं’ म्हणत तिच्या पुठ्ठ्यावर थाप मारली. बरोबर शेपटीमागचा भाग घोड्याला दिसत नाही. तिने पुढचे पाय उचलले. मी तोंडाजवळची पट्टी धरून होतो म्हणून ती उधळली नाही, पण पाहुणे कुशीवर घसरून खाली आले. त्यांचा खांदा दुखावला, एवढ्यावर निभावलं.

ताराच्या ओठाच्या कोपऱ्याला चीर गेली होती. घोड्याचे पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी हिरडी असते, लगामाची कडी तिथे आणि जिभेवर टेकते. त्या जागी हाडावर फक्त पातळ कातडी. तिथे घाबरलेल्या माणसाने सगळा भार लटकवला की काय होत असेल, याची कल्पना करा. दुसऱ्या दिवशी जो तो म्हणत होता, ‘घोडी बिथरली.’ पुढचे तीन महिने मी कडी हातात घेतली की तारा मान उंच करून भिंतीला लागायची. मी रोज कडी मुठीत धरून ऊब आणायचो, तिच्या गालाशी नुसती टेकवायचो आणि परत फिरायचो. तोंड उघडायला मी तिला एकदाही भाग पाडलं नाही.

तेव्हापासून मी विचारतो, ‘शेवटचं कधी बसलात, आणि लगाम कुणाच्या हातात होता?’ त्यावरच कितीतरी कळतं. मग आदल्या दिवशी कुंपणाच्या आत, फोटोवाले नसताना, पाहुण्याची दहा मिनिटं मागतो. कदम चाल, थांबणं, दोन्हीकडे वळणं आणि जमलं तर थोडी दुडकी. लगाम ढिला सोडला तरी मांड हलत नसेल, तर घोडी त्यांच्या हाती देतो. हात वर उडत असतील तर दोर माझ्या हातात राहतो, पाहुणा कितीही मोठा असो. दहा मिनिटंही नसतील तर घोडीशेजारी उभं राहून फोटो काढावा. घोड्याच्या गळ्यावर हात ठेवून उभा राहिलेला माणूस काही कमी रुबाबदार दिसत नाही.

पाहुण्याची भीती घोड्यापर्यंत पोचते, हा नुसता पागेतला समज नाही. 2009 मध्ये स्वीडनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात लोकांनी घोडा घेऊन एकाच वाटेने चार खेपा केल्या. चौथ्या खेपेआधी त्यांना सांगितलं की आता वाटेत छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही, तरी माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि घोड्यांचेही.

दुसरी चूक सांगताना माझा तोल सुटतो. घोडा ‘शांत’ करायचा म्हणून त्याला सकाळी दोन तास पळवून थकवायचं, किंवा सरळ गुंगीचं औषध द्यायचं. कृपा करून हे करू नका. गुंगीतला घोडा अडखळतो, पाय नीट उचलत नाही आणि दचकायचं ते दचकतोच. थकलेला घोडा चिडका होतो. ज्यांना घोडा तयार करायला महिने द्यायचे नाहीत, त्यांनाच असे आडमार्ग सुचतात. मी ताशाचा आवाज, फडफडणारं कापड, टाळ्या, अनोळखी माणसाचं चढणं-उतरणं असं एकेक करून आठवड्यांत सवयीचं करतो. समारंभाच्या दिवशी सकाळी वीस मिनिटं स्वतः रपेट मारतो, बस.

घोडा कधीच दचकू नये, अशी अपेक्षाही धरू नका. 13 जून 1981 ला लंडनमधल्या संचलनात राणी एलिझाबेथ बर्मीज नावाच्या घोडीवर असताना गर्दीतून एकाने सहा कोरे, म्हणजे गोळी नसलेले, बार काढले. घोडी दचकली, पण राणीने तिला आवरलं आणि संचलन पुढे चालू राहिलं. ती घोडी कॅनडाच्या घोडेस्वार पोलिसांनी तयार केलेली होती, 1969 पासून राणी दरवर्षी तिच्यावर बसत होती. पुढच्या वर्षी विंडसरला राणीबरोबर रपेटीला निघालेले पाहुणे, अमेरिकेचे अध्यक्ष रेगन, स्वतः जुने स्वार होते. दचकल्यावर किती पावलांत भानावर येतो, यावरून मी घोडा पारखतो.

बाकीच्या चुका थोडक्यात.

तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, एकदाच आवळणं. बरेच घोडे तंग बांधताना पोट फुगवतात. चार पावलं चालवून पुन्हा आवळा, चढल्यावर तिसऱ्यांदा बघा.

गुळगुळीत तळव्याचे बूट. बुटाला टाच नसली की पाय रिकिबीतून आरपार जातो आणि पडलेला माणूस फरफटत जातो. लहान टाचेचे दोन-तीन जोड मी जवळ ठेवतो.

वजन न विचारणं. खोगीर धरून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त भार मी देत नाही. म्हणजे चारशे किलोच्या घोडीवर ऐंशी किलो, त्यात खोगीर आलं.

फोटोसाठी हेल्मेट काढायला परवानगी देणं. नाही म्हणजे नाही.

लगाम मनगटाला गुंडाळू देणं. हे दिसताक्षणी थांबवा.

जमिनीवरून चढवणं. जड माणूस रिकिबीला लटकून चढला की सगळा ताण पाठीच्या एका बाजूला येतो. चौरंग द्या.

पाहुणे गेल्यावर घोड्याला तसाच बांधून टाकणं. मी खोगीर उतरवून पाठीवरून तळहात फिरवतो. कुठे गरम लागतं, कुठे कातडी थरथरते ते बघतो. मग ओठांचे कोपरे तपासतो. दुसऱ्या दिवशी तिच्यावर पहिला मीच बसतो, लगाम अगदी ढिला सोडून.