ड्रायरची वाफ बाहेर काढताना

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये पत्र्याचं डक्टिंग, म्हणजे हवा नेणारे पाइप करण्यात माझी उमर गेली. आता घोडबंदर रोडच्या टॉवरांमधून कपड्यांचे ड्रायर बसवायला बोलावणी येतात, जास्त करून जूनमध्ये, दोरीवरच्या चादरींना कुबट वास सुटला की. मशीन कुठलं घ्यावं ते मला विचारू नका. त्यातून निघणारी गरम, दमट हवा कुठे जाणार, तेवढं आधी ठरवा.

कंडेन्सर किंवा हीट पंपचा ड्रायर असेल तर पाइपाची भानगडच नाही. त्यात वाफेचं आतच पाणी होतं आणि ते टाकीत जमतं किंवा ड्रेनमध्ये जातं. सोसायटी बाहेरच्या भिंतीला हात लावू देत नसेल तर महाग पडला तरी हाच घ्या.

बाकीच्या ड्रायरना बाहेर जाणारा पाइप लागतो. "काका, बाथरूमच्या डक्टमध्येच सोडा की," असं लोक हमखास म्हणतात. मी सोडत नाही. त्या शाफ्टमध्ये वारा खेळत नाही, वरच्या-खालच्या मजल्यांच्या खिडक्या तिथेच उघडतात, आणि कबुतरांच्या घरट्यांच्या काड्या असतातच. कपड्यांचा गळलेला कापूस त्यावर साचत गेला तर आगीला आयतं जळण. हवा उघड्यावरच सोडायची, म्हणजे ड्राय बाल्कनीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून. शेजाऱ्याची खिडकी आणि एसीचं आउटडोअर युनिट टाळा. कापूस त्याच्या जाळीत बसला की एसी थंड करायचा बंद होतो.

पाइप बहुतेक मशिनांना 4 इंची लागतो. तो कडक अ‍ॅल्युमिनियमचा किंवा जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याचा घ्या. प्लॅस्टिकचा नको, आणि दुकानदार हातात देतो तो चुरगळणारा फॉइलचाही नको. त्याच्या वळ्यांमध्ये कापूस अडकतो आणि मशीन मागे सरकवलं की तो चेपतो. जोड हवेच्या दिशेने बसवा, म्हणजे आधीच्या तुकड्याचं तोंड पुढच्याच्या आत. त्यावर क्लॅम्प आणि अ‍ॅल्युमिनियमची टेप. स्क्रू मारू नका. आत आलेल्या टोकाला धागे लोंबकळतात आणि तिथूनच पाइप तुंबायला लागतो.

लांबी जितकी कमी तितकं बरं. अमेरिकेच्या घरबांधणीच्या कोडात साधारण 35 फुटांची मर्यादा आहे आणि काटकोनातल्या प्रत्येक वळणाला त्यातले 5 फूट वजा होतात. आपल्याकडे भिंतीवर टांगायचे छोटे ड्रायर असतात, त्यांचा पंखा इतका दमदार नसतो. मशिनच्या पुस्तकात दिलेली लांबी पाळा. मी स्वतः एकापेक्षा जास्त एल्बो, म्हणजे वळणाचा तुकडा, असला की मशिनची जागाच बदलायला सांगतो.

भिंतीला भोक कोअर कटिंगवाल्याकडूनच पाडून घ्या, पण बीम आणि कॉलम सोडून. भाड्याच्या घरात सरकत्या खिडकीची एक काच काढून तिथे भोक पाडलेली अ‍ॅल्युमिनियमची शीट बसवली तरी काम होतं. पाइपाला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्या, म्हणजे पावसाचं पाणी आत येणार नाही आणि आतल्या वाफेचं पाणी होऊन साचणार नाही. तोंडावर झडप असलेला हूड लावा. कबुतरांच्या भीतीने बारीक जाळी मात्र ठोकू नका, ती थोड्याच दिवसांत कापसाने बंद होते.

आता ज्याकडे कुणीच बघत नाही ते. पाइपवाला ड्रायर घरातली हवा ओढून बाहेर टाकतो. सगळ्या खिडक्या बंद आणि बाथरूममध्ये गॅस गिझर चालू असेल, तर गिझरचा धूर उलटा घरात ओढला जाऊ शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो. म्हणून ड्रायर चालू असताना एक खिडकी वीतभर उघडी ठेवा आणि त्या वेळी गिझर लावू नका.

वीज 16 अँपिअरच्या स्वतंत्र सॉकेटवरून, नीट अर्थिंगसह. एक्स्टेन्शन बोर्ड नको.

फिल्टर प्रत्येक फेरीनंतर साफ करा. फॅब्रिक सॉफ्टनर वापरत असाल तर त्याचा थर जाळीवर चढतो, डोळ्यांना दिसत नाही. नळाखाली धरून पाहा. पाणी वर साचलं तर साबणाने घासा आणि पूर्ण वाळवून मगच बसवा. पाइप पावसाळ्याआधी आणि गणपतीनंतर लांब दांड्याच्या ब्रशने साफ करा, प्लग काढूनच. मधल्या काळात मशीन चालू असताना बाहेरची झडप फडफडते का ते बघत जा. कपडे वाळायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, मशिनची पाठ हात लावता न येण्याइतकी तापली किंवा जळका वास आला, तर लगेच बंद करून पाइप उघडा.

बाळाची तेलाच्या मालिशची दुपटी आणि ओट्यावरची तेलकट फडकी ड्रायरमध्ये घालूच नका. धुतल्यावरही तेल राहतं आणि गरम कपड्यांच्या ढिगात ती आपोआप पेटू शकतात. ती उन्हात, नाहीतर पंख्याखाली वाळवा.