प्रश्नावली घेऊन शाळेत जायच्या आधी

बीडकडच्या शाळेत एसडीक्यू, म्हणजे मुलांच्या भावना आणि वागणुकीतल्या अडचणी हेरायची प्रश्नावली, घेऊन जायचं ठरलंय ना, मग लगेच भाषांतराला बसू नका, आधी मराठी फॉर्म तयार आहे का ते बघा आणि हक्कधारकांची परवानगी घ्या, कारण रॉबर्ट गुडमन यांची ही २५ वाक्यांची प्रश्नावली आपल्या मनाने बदलता येत नाही. नवीन भाषांतर करायचंच असेल तर दोघांनी वेगवेगळं करायचं, मग ज्याने मूळ पाहिलेलं नाही अशा तिसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यायचं. ते जुळलं म्हणून खूश होऊ नका बरं का. 'चिंताग्रस्त' चं इंग्रजी कुणीही बरोबर करेल, पण आजी म्हणते 'पोटात गोळा येतो म्हणतंय', 'जीव घाबरा होतो', आणि उदास वगैरे कुणी बोलत नाही, पोरगं सरळ सांगतं 'करमत नाही'. म्हणून आठ-दहा पालकांना एकेक वाक्य वाचून दाखवा आणि 'बरोबर का' असं न विचारता 'तुम्हाला काय समजलं' ते विचारा, खरी गंमत तिथेच कळते. सगळ्यात फसवं वाक्य म्हणजे मोठ्यांचं ऐकतं का, कारण गप्प बसणारी, कुणात न मिसळणारी मुलगी घरात 'लई शहाणी' ठरते आणि तिच्या फॉर्मवर काहीच दिसत नाही.

'मागच्या सहा महिन्यांत' हे कुणाच्या डोक्यात बसत नाही, मार्चमध्ये विचारत असाल तर 'गणपतीपासून होळीपर्यंत' म्हणा. पण त्यातला बराच काळ आईबाप ऊसतोडीला गेलेले असतात, तेव्हा पोर कुणाजवळ होतं ते आधी विचारून फॉर्म त्याच माणसाकडून भरून घ्या.

ब्रिटनमध्ये पालकांच्या फॉर्मवर अडचणींचे ४० पैकी १७ किंवा जास्त गुण आले की धोक्याच्या गटात धरतात, तोच आकडा इथे डोळे झाकून लावू नका, आधी इथल्या काही मुलांना डॉक्टरांकडून नीट तपासून घेऊन ताडून बघा. आणि जास्त आले तरी ते निदान नव्हे हे शिक्षकांना दोनदा सांगा, नाहीतर पोराला आयुष्यभराचं नाव पडतं.

जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी कुठल्या वारी असते ते लिहून ठेवा, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर पण. एखाद्या मुलाने लैंगिक अत्याचाराचं सांगितलं तर पॉक्सो, म्हणजे बालकांच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, कळवणं बंधनकारक आहे, कोण कळवणार ते जायच्या आधी ठरवा. आणि हो, मोठी मुलं स्वतः फॉर्म भरत असताना वर्गशिक्षकांनी शेजारी उभं राहायचं नाही, हे मुख्याध्यापकांशी बोलून ठेवा.