कोयनेच्या रानात जाण्याआधी फोनमध्ये कोणते लेयर भरायचे

जंगलातल्या मोजणीसाठी क्यूजीआयएसमध्ये (संगणकावरचं नकाशांचं सॉफ्टवेअर) प्रकल्प बांधून क्यूफील्डवर (त्याचं फोनवरचं ॲप) न्यायचा असेल, तर आधी सगळे लेयर, म्हणजे नकाशाचे थर, एकाच सीआरएसमध्ये (निर्देशांक पद्धतीत) आणा. सातारा आणि सांगली यूटीएम 43 उत्तर झोनमध्ये येतात, म्हणजे सीआरएसचा कोड ईपीएसजी 32643. जुन्या टोपोशीटवरून काढलेल्या कक्षांच्या (वनखात्याने पाडलेल्या जंगलाच्या तुकड्यांच्या) हद्दी एव्हरेस्ट डेटमवर, म्हणजे मोजणीच्या जुन्या आधारावर, असतात. त्या न बदलता घेतल्या, तर नकाशावर तुम्ही शेजारच्या कक्षात उभे दिसता आणि शिव्या जीपीएसला बसतात.

तळाचा रास्टर (चित्ररूप नकाशा) एमबीटाइल्स करून, म्हणजे चौकोनी तुकड्यांची एकच फाइल करून, फोनवरच ठेवा. बामणोलीच्या पुढे ऑनलाइन नकाशाच्या भरवशावर राहू नका. उपग्रहचित्र बारीक असेल तर झूम 17 पुरे. दर पायरीला टाइल्स चौपट वाढतात. सेंटिनेल-2 या उपग्रहाचा पिक्सेलच 10 मीटरचा, त्याला 14 बस्स.

कक्ष आणि बीटच्या (वनरक्षकाच्या हद्दीच्या) लेयरना कुलूप घाला, नाहीतर बोट लागून कोपरा सरकतो. पाणवठे बिंदूत, जाळरेषा (वणवा रोखायचे मोकळे पट्टे) रेषेत, रोपवन बहुभुजात. झाडं मोजायचा नमुना प्लॉट मात्र कडेने चालत बहुभुजात काढू नका: दाट झाडीत फोनचं स्थान सहज दहा मीटर चुकतं. फक्त केंद्रबिंदू घ्या. 0.1 हेक्टरच्या गोल प्लॉटची त्रिज्या 17.84 मीटर, ती टेपने मोजा; 30 अंशांच्या चढावर मात्र टेप वर-खाली 20.60 मीटर धरावी लागते.

खरा घोळ भूमिती नसलेल्या लेयरमध्ये, म्हणजे नकाशावर न दिसणाऱ्या नुसत्या तक्त्यात, होतो. प्लॉटमधलं एकेक झाड, म्हणजे जात आणि 1.37 मीटरवरचा घेर, या तक्त्यात जातं आणि प्लॉटला रिलेशनने (दोन तक्त्यांतल्या दुव्याने) जोडलं जातं. दोन फोनवर काम असताना जोडणी एफआयडीवर (फाइल आपोआप देते त्या क्रमांकावर) केली, तर दोन्ही फोनवर पहिल्या प्लॉटचा क्रमांक 1 पडतो. एकत्र करताना एकाचे ऐन-किंजळ दुसऱ्याच्या प्लॉटला चिकटतात, आणि ते सोडवता येत नाही. म्हणून प्लॉटला यूयूआयडीचा (कुठेही दुसऱ्यांदा न येणाऱ्या ओळखक्रमांकाचा) रकाना द्या, जोडणी त्यावर करा, डिफॉल्ट uuid(), आणि ‘अपडेटवर लागू करा’ ही खूण काढलेली आहे ना, ते पाहा. ती राहिली तर प्लॉटची नोंद नुसती दुरुस्त केली तरी ओळख बदलते, झाडं पोरकी.

लेयर जिओपॅकेज या फाइल प्रकारातच ठेवा. शेपफाइल या जुन्या प्रकारात रकान्याच्या नावाला 10 बाइट मिळतात. देवनागरीचं एक अक्षर यूटीएफ-8मध्ये तीन बाइट खातं, म्हणजे ‘घेर’सुद्धा जेमतेम बसतो. संध्याकाळी फाइल काढताना प्रकल्प बंद करा आणि शेजारी -wal फाइल (ताज्या नोंदींची तात्पुरती फाइल) दिसली तर तीही उचला. नुसती मूळ फाइल नेली की शेवटच्या नोंदी मागेच राहू शकतात.

निघण्याआधी दोन फोनवर प्रत्येकी एक प्लॉट, दोन झाडं आणि एक फोटो टाकून संगणकावर एकत्र करून बघा.