विंगर अंगावर येतो तेव्हा लेफ्ट बॅकने पाय कसे ठेवावेत

फुटबॉलमध्ये लेफ्ट बॅक म्हणजे डाव्या कडेचा बचावपटू आणि विंगर म्हणजे कडेने चाल करून येणारा समोरचा खेळाडू. लेफ्ट बॅक चकतो तो बहुधा टॅकलच्या, म्हणजे पायाने चेंडू हिसकावण्याच्या आधीच. विंगरकडे पास निघाला की चेंडू वाटेत असतानाच धावत सुटा. शेवटच्या तीन मीटरमध्ये पावलं बारीक करा आणि साधारण दीड मीटरवर थांबा. विंगर फारच वेगवान असेल तर दोनवर. नवखे इथेच फसतात. पूर्ण वेगात जवळ जातात, थांबता येत नाही आणि विंगर सहज बाजूने निघून जातो.

आता उभं राहणं. उजवा पाय पुढे, डावा मागे, गुडघे वाकलेले, वजन चवड्यांवर, कंबर साईडलाइनकडे वळलेली. आतली वाट बंद, बाहेरची उघडी. समोरासमोर, दोन्ही पाय एका रेषेत ठेवून उभं राहिलात तर चेंडू दोन पायांमधून जातो, वर वळायला एक पाऊल जास्त लागतं. इटलीच्या एसी मिलान क्लबचा पाओलो मालदिनी मूळचा उजव्या पायाचा, तरी वर्षानुवर्षं लेफ्ट बॅक खेळला. विंगर आत वळला की मालदिनीच्या भक्कम उजव्या पायासमोरच यायचा. डावखुऱ्या बॅकने म्हणूनच उजव्या पायाने टॅकल करायचा वेगळा सराव करावा.

नजर चेंडूवर. खांद्याच्या झोल्यांना भुलू नका. विंगरचा टच लांब गेला, चेंडू त्याच्या पायापासून सुटला, त्याच क्षणी पुढच्या पायाने चेंडू टोचा. तोवर मागे सरकत राहा. तुमच्या माणसांना परतायला मिळालेला वेळ हीसुद्धा कमाईच आहे. स्लाइडिंग टॅकल, म्हणजे जमिनीवर घसरत चेंडू काढणं, अगदी शेवटी, कारण हुकलात तर तुम्ही जमिनीवर आणि तो गोलकडे.

सरावाला साईडलाइनलगत १० बाय १५ मीटरची चौकट आखा. विंगरने चेंडू घेऊन पलीकडची रेघ ओलांडायची. पहिल्या ६ फेऱ्यांत टॅकल पूर्ण बंद, फक्त बाहेर रेटायचं. पुढच्या ६ फेऱ्यांत टॅकल चालेल. मध्ये ४० सेकंद विश्रांती. टाचा टेकायला लागल्या की सराव थांबवा, नाहीतर चुकीची सवय पक्की होते.

पेनल्टी बॉक्समध्ये क्रॉस (कडेने गोलसमोर मारलेला चेंडू) अडवताना हात पाठीमागे. जर्सीला तर हात लावूच नका. हमखास गोलची संधी चेंडूसाठी झगडताना फाऊलने हुकवली तर पेनल्टी आणि पिवळं कार्ड. ओढून हुकवली तर पेनल्टी आणि थेट लाल.