बेराखा म्हणताना या चुका टाळा

आंब्याची फोड हातात आहे, तोंडाने ‘बोरे पेरी...’पर्यंत मजल मारली आहे, आणि पुढे ‘हाएत्स’ (झाडाचं) म्हणायचं की ‘हाअदामा’ (जमिनीचं) हे अजून ठरलेलंच नाही. बेराखा म्हणजे खाण्यापिण्यासारख्या प्रसंगी म्हणायची ज्यूंची छोटी स्तुतिप्रार्थना, आणि बहुतेक बेराखा इथेच बिघडतात. कव्वाना (मन लावून म्हणणं) म्हटलं की डोळे मिटून भाव दाटून आलेला माणूस डोळ्यांसमोर येतो, पण हलाखा, म्हणजे ज्यू धर्माचे नियम, आधी मागते ती साधी गोष्ट. काय हातात आहे, कुणाचं नाव घेतो आहोत आणि वाक्य कुठे संपणार आहे, हे तोंड उघडण्याआधी ठाऊक असलं पाहिजे. भाव त्यानंतरचा.

तयारी अर्धवट असताना सुरुवात

संत्रं सोललेलं नाही, बाटलीचं झाकण निघालेलं नाही, चहा जीभ भाजेल इतका गरम आहे, आणि बेराखा म्हणून झाली. आता सोलण्यात, फुंकर मारण्यात जो वेळ जातो तो बेराखा आणि पहिला घास यांच्यामध्ये येतो. आधी सोला, कापा, कीड आहे का बघा. चहा निववून घ्या. पदार्थ उजव्या हातात धरा, क्षणभर थांबा, शेवटचे शब्द मनात म्हणा आणि मग सुरू करा. ‘बोरे पेरी हाएत्स’ची पूर्ण बेराखा नऊ शब्दांची आहे. सावकाश म्हटली तरी दहा सेकंदांच्या आत होते, म्हणजे घाईने वाचतात ती चार-पाच सेकंदं.

बेराखा म्हणता म्हणता दुसरं काम करणं ही याचीच बहीण. भांडी विसळताना, फोन चाळताना, डबा भरताना बेराखा म्हणू नये, असं शुल्हान आरूख या ज्यू धर्मनियमांच्या संहितेवरचे भाष्यकार स्पष्ट सांगतात. फोनवरच सिद्दूर (प्रार्थनापुस्तक) वाचत असाल तर निदान सूचना बंद ठेवा.

नाव घाईत गिळणं

‘बारुख अत्ता’ नीट येतं, ‘मेलेख हाओलाम’ही येतं. मधलं देवाचं नाव मात्र अर्धं गिळलं जातं, आणि नेमकं तेच सगळ्यात जपायचं असतं. ते चार अक्षरांत लिहिलेलं असतं आणि वाचताना ‘प्रभू’ या अर्थाच्या शब्दाने वाचतात. त्या शब्दाचा आघात शेवटच्या अक्षरावर पडतो. योसेफ कारो यांचा शुल्हान आरूख 1565 मध्ये व्हेनिसला छापला गेला. त्याच्या ओराह हायीम भागातलं पाचवं कलम एवढ्यासाठीच आहे. वाचलेल्या नावाचा अर्थ ‘सगळ्यांचा स्वामी’, लिहिलेल्या नावाचा ‘जो होता, आहे आणि असेल’, आणि ‘एलोहीम’चा ‘सामर्थ्यवान, सर्व शक्तींचा धनी’. नवख्याने तिन्ही अर्थ एकदम धरायला जाऊ नये. सुरुवातीला ‘सगळ्यांचा स्वामी’ एवढंच पुरे.

इथे उलटसुलट दोन चुका होतात. शिकवताना, उदाहरण देताना लोक खरं नाव उच्चारतात, ते टाळावं. तेव्हा ‘हाशेम’ (म्हणजे ‘ते नाव’) आणि ‘एलोकेनू’ म्हणतात, या लेखातही तसंच लिहिलं आहे. दुसरी चूक म्हणजे शिकताना लागलेली ‘हाशेम’ची सवय खऱ्या बेराखेतही तशीच राहते. प्रत्यक्ष बेराखेत खरं नाव आणि ‘एलोहेनू’च यायला हवं. मुलांना शिकवताना मात्र ते पूर्ण म्हणू द्यावं, नाहीतर जीभ चुकीचं शिकते.

मराठी जिभेच्या अडचणी

देवनागरीतून हिब्रू वाचताना ‘बारुख’, ‘मेलेख’ यांतला ख आपण ‘खडू’सारखा काढतो. तो घशात घासून निघणारा हवा. सुदैवाने ‘हाएत्स’ आणि ‘हामोत्सी’ यांतला त्स आपल्याकडे आयता आहे, ‘चमचा’ या शब्दातला च म्हणजे तोच आवाज. ‘हामाझोन’मधला झ ‘झाड’सारखा, ‘झेंडा’सारखा नाही. ‘हाअदामा’मधले दोन अ वेगवेगळे ऐकू आले पाहिजेत. ‘हादामा’ म्हटलं की शब्द कापला जातो. आणि अर्थ कळत नसेल तर मराठी भाषांतर शेजारी ठेवा. बेने इस्राएली (मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या) घरांत ही सोय जुनी आहे, पुण्याला 1874 मध्ये हिब्रू आणि मराठी दोन्ही असलेली हग्गादा (वल्हांडण सणाच्या रात्री वाचायचं पुस्तक) छापली गेली होती.

चुकीचा शेवट

आपल्या ताटातल्या पदार्थांवर गोंधळ जास्त होतो, कारण परदेशी पुस्तकांतल्या याद्यांत भाकरी आणि घावन नसतात.

गव्हाची चपाती रोजची भाकर म्हणून खातो, तेव्हा हात धुऊन ‘हामोत्सी लेहेम मिन हाआरेत्स’. भांड्याने आधी उजव्या, मग डाव्या हातावर दोनदा किंवा तीनदा पाणी, पुसण्याआधी हात धुण्याची बेराखा, आणि मग चपाती तोंडात जाईपर्यंत बोलणं बंद. एकदा हामोत्सी झाली की जेवणातली भाजी, आमटी, मासे तिच्यातच आले.

चपाती नाही, नुसता भात आहे? भातावर ‘बोरे मिने मेझोनोत’. तांदळाची भाकरी, घावन यांवरही तीच. मात्र नंतरची बेराखा ‘बोरे नेफाशोत’, गव्हाच्या पदार्थांनंतरची ‘अल हामिख्या’ नाही. भातानंतर सवयीने अल हामिख्या म्हणणारे पुष्कळ असतात. ज्वारी-बाजरीच्या भाकरीवर ‘शेहाकोल निह्या बिदवारो’, कारण ही धान्यं गहू, जव आदी पाच धान्यांत येत नाहीत आणि तांदळाची सवलत त्यांना नाही.

फळांत केळं फसवतं. दिसायला झाड, पण त्याचं खोड वर्षानुवर्षं टिकून पुन्हा फळ देत नाही, म्हणून ‘बोरे पेरी हाअदामा’. अननस आणि भुईमूग यांनाही तीच. आंबा, चिकू, पेरू आणि नारळाचं खोबरं ‘हाएत्स’. शहाळ्याचं पाणी, चहा, साखर, दूध, अंडं, मासे यांवर ‘शेहाकोल’.

हंगामातला पहिला आंबा असेल तर ‘शेहेख्हियानू’ (या वेळेपर्यंत जगवल्याबद्दलची बेराखा) हीही म्हणायची. ती आंब्याच्या बेराखेआधी की नंतर, ते घरच्या रिवाजाप्रमाणे ठरवा, पण दोन्ही पहिल्या घासाआधी झाल्या पाहिजेत. केळ्यावर शेहेख्हियानू म्हणणं ही चूकच, कारण ते बाराही महिने मिळतं. फळांत ती फक्त ठरलेल्या ऋतूत येणाऱ्या फळासाठी आहे.

शब्बाथच्या किद्दुशला (पेला हातात घेऊन म्हणायच्या प्रार्थनेला) काळ्या मनुकांचं सरबत वापरणाऱ्या घरांनी प्रमाणाकडे लक्ष द्यावं. मूठभर मनुकांत पातेलंभर पाणी घातलं तर त्यावर ‘बोरे पेरी हागेफेन’ ही द्राक्षरसाची बेराखा म्हणता येणार नाही. मनुका पाण्याच्या सहाव्या हिश्शाहून जास्त हव्यात, म्हणजे सहा वाट्या पाण्याला एक वाटीहून जास्त. आणि त्या दाबल्यावर रस सुटेल इतक्या ओलसर असाव्यात. खडखडीत सुकलेल्या मनुकांचं पाणी हे रंगीत पाणीच.

मलिद्याच्या ताटातला क्रम

एलियाहू हनावी (संदेष्टा एलिया) यांच्या नावाने होणाऱ्या मलिद्याच्या विधीत पोहे, खोबरं, साखर, सुकामेवा आणि भोवती फळं मांडलेली असतात. इथे दोन गोष्टी चुकतात. पहिली म्हणजे हाताला लागेल त्या फळावर बेराखा. ‘हाएत्स’साठी सफरचंद उचललं जातं आणि खजूर बाजूला राहतो. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातल्या 8:8 मधली सात पिकं इतर फळांच्या पुढे मानतात. त्यांतल्या फळांचा आपसातला क्रम असा: जैतून, खजूर, द्राक्ष, अंजीर, डाळिंब. म्हणजे जैतून नसेल तर ताटातला खजूर उचला. केळं ‘हाअदामा’साठी त्यानंतर. पोह्यांवर घरात मेझोनोत म्हणत असतील तर ती फळांच्या आधी.

दुसरी चूक खास कव्वानाची आहे आणि ती फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. खजुरावर बेराखा म्हणताना ताटातली द्राक्षं, डाळिंब, सफरचंद हे सगळं याच बेराखेत धरलं आहे, असं मनात असावं लागतं. नाहीतर पुढच्या फळाला पुन्हा म्हणायची का, हा प्रश्न मधेच उभा राहतो. बेराखा म्हणणाऱ्याने आधी संपूर्ण ताटावर नजर फिरवावी. स्वयंपाकघरातून अजून कलिंगड किंवा भुईमूग येणार असेल तर तेही विचारून घ्यावं.

चहालाही हाच नियम. घरी बसून दोन कप घ्यायचे ठरवले असतील तर एक शेहाकोल पुरते. अर्धा कप पिऊन शेजाऱ्यांकडे गेलात आणि तिथे पुन्हा घेतलात, तर जागा बदलली. नवी बेराखा हवी.

चुकलंच तर

आधी मोठा नियम: बेराखा म्हटली की नाही याची शंका असेल तर पुन्हा म्हणायची नाही. नाव व्यर्थ घेणं हे बेराखा राहण्यापेक्षा जड मानलं जातं. मनातल्या मनात शब्द आठवायला हरकत नाही.

शेवट चुकीचा निघाला आणि लगेच लक्षात आलं, तर ‘शालोम अलेखा रब्बी’ हे तीन शब्द म्हणायला लागतात तेवढ्या वेळात योग्य शेवट जोडावा: ‘...पेरी हाअदामा... पेरी हाएत्स’. सुरुवातीपासून नको. तो वेळ निघून गेला तर काय चुकलं ते बघा. झाडाच्या फळावर ‘हाअदामा’ म्हटलं तर चालून जातं, झाडही मातीतूनच येतं. जमिनीतल्या भाजीवर ‘हाएत्स’ म्हटलं तर नाही, पुन्हा म्हणावी लागते. ‘शेहाकोल’ चुकून कशावरही म्हटली तरी बेराखा झाली. मिश्ना या जुन्या नियमसंग्रहाने ही सवलत दिली आहे ती अडचणीसाठी. यादी पाठ न करण्याची पळवाट म्हणून तिचा वापर होतो, तो बरा नव्हे.

‘बारुख अत्ता हाशेम’पर्यंत आलात आणि कळलं की बेराखेची गरजच नव्हती, तर पुढे ‘लामदेनी हुक्केखा’ म्हणून संपवा. ते स्तोत्र 119:12 झालं, नाव वाया गेलं नाही. पूर्ण बेराखाच फुकट गेली असेल तर ‘बारुख शेम केवोद मालखुतो लेओलाम वाएद’ म्हणा.

घास तोंडात असताना आठवलं, तर बाहेर काढून किळस येणार नाही असा पदार्थ (बदाम, गोळी) बाहेर काढा आणि बेराखा म्हणा. किळस येईल असा असेल तर एका गालात सरकवा आणि म्हणा. पाणी असेल तर गिळा, आणि अजून प्यायचं असेल तर पुढच्या घोटाआधी बेराखा म्हणा.

बेराखा आणि घास यांच्यामध्ये बोलू नका. जेवणाशीच संबंध असलेलं, म्हणजे ‘मीठ दे’ एवढं बोलून गेलात तर बेराखा वाया जात नाही. ‘कोण आलंय दारात?’ म्हणालात तर जाते.

नंतरची बेराखा आणि मापं

इथे घोटाळा मापाचा असतो. खाण्याआधी एका दाण्यालाही बेराखा लागते, नंतरची मात्र कझायितभर, म्हणजे प्रचलित मापाने साधारण 27 ग्रॅम, खाल्ल्यावर. तेही रेंगाळत नाही, काही मिनिटांच्या आत. कडक मत चार मिनिटांचं आहे. पेयाला रेवीइत, म्हणजे साधारण 86 मिलिलिटर, सलग प्यायलं पाहिजे. घोट घोट घेतलेल्या गरम चहानंतर म्हणूनच नंतरची बेराखा सहसा येत नाही. आणि ती टाळत बसू नका. थोडं खाल्लं असेल तर 72 मिनिटं ही सर्वसाधारण मर्यादा, त्यानंतर पचन सुरू झाल्याचं धरतात.

आमेन

तलमूद या ज्यू धर्मचर्चेच्या ग्रंथात (बेराखोत 47अ) बिघडलेल्या आमेनची नावंच दिली आहेत. हिसकावलेला, तुटका आणि पोरका. पोरका म्हणजे कोणती बेराखा झाली हे न कळताच म्हटलेला. म्हणणाऱ्याचा शेवटचा शब्द संपू द्या. स्वतःच्या बेराखेला आमेन म्हणू नका. दुसऱ्याच्या बेराखेत नाव ऐकल्यावर ‘बारुख हू उवारुख शेमो’ म्हणतात, पण किद्दुश ऐकून आपलं कर्तव्य फेडत असाल तेव्हा ते म्हणू नये, शेवटी फक्त आमेन.

सगळीकडे एकदम मन लावण्याचा हट्ट

जुने ज्यू धर्मगुरू रब्बी मेईर यांनी दिवसाला शंभर बेराखा सांगितल्या आहेत. साध्या दिवशी तीन अमीदांच्याच (अमीदा म्हणजे उभं राहून म्हणायची मुख्य प्रार्थना) 57 होतात. उद्यापासून शंभरच्या शंभर मन लावून म्हणायचं ठरवलं तर परवा सकाळपर्यंत थकवा येतो आणि मग सगळंच पुन्हा गडगडत निघतं. यशया 29:13 मधला ‘ओठांनी मान, मन दूर’ हा ठपका अशाच पाठ झालेल्या भक्तीवर आहे. हलाखेने स्वतःच कमीत कमी जागा आखून दिल्या आहेत. शेमाची (देव एकच आहे या कबुलीची) पहिली ओळ आणि अमीदातली पहिली बेराखा. त्यांपासून सुरू करा. जोडीला दिवसातली एकच छोटी बेराखा निवडा आणि आठवडाभर तिच्यावर काम करा.

त्यासाठी शौचानंतरची ‘अशेर यात्सार’ उत्तम. दिवसातून अनेकदा येते, आणि तिचा मजकूरच शरीरातल्या नळ्या आणि पोकळ्यांबद्दल आहे: त्यांतली एखादी फुटली किंवा तुंबली तर उभं राहणं शक्य नाही. बद्धकोष्ठ किंवा मुतखडा झालेल्याला याचा अर्थ समजावावा लागत नाही. घोटाळा एवढाच होतो की ती हात पुसत, दिवा मालवत, चालता चालता म्हटली जाते. बाहेर या, हात धुवा, पुसा, एका जागी उभे राहा, मग सुरू करा.

अमीदाच्या पहिल्या बेराखेत मन भरकटलं आणि शेवटच्या ‘बारुख अत्ता हाशेम’च्या आधी लक्षात आलं, तर ‘एलोहे अव्राहाम’पासून पुन्हा घ्या. ते ‘बारुख अत्ता हाशेम’ म्हणून झालं असेल तर मागे येऊ नका, दुसऱ्या बेराखेत नीट लक्ष घाला.