वजनाच्या ऑपरेशनवरचं जगभरचं संशोधन घरबसल्या कसं चाळावं

माझे धाकटे दीर सातपूरच्या एका कारखान्यात शिफ्टला जातात. उंची पाच फूट पाच इंच, वजन ११८ किलो, जोडीला मधुमेह. मागच्या महिन्यात एका दवाखान्यातून रंगीत पत्रक घेऊन आले: 'स्लीव्ह ऑपरेशन, ७० टक्के वजन कमी!' मोबाइलवर हिशेब केला आणि घाबरून मला म्हणाले, "वहिनी, म्हणजे मी पस्तीस किलोचा उरणार?"

कॉलेज रोडवरच्या एका ग्रंथालयात माझी तीस वर्षं गेली. डॉक्टरकीतलं मला कळत नाही. पण कागद शोधायचा कसा आणि सापडला की त्याच्याकडे संशयाने पाहायचं कसं, एवढं येतं. तेवढंच सांगते.

संगणकावर पबमेड उघडा. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची ही सूची फुकट आहे. इंग्रजीत 'बॅरिअॅट्रिक सर्जरी', म्हणजे वजन घटवायचं ऑपरेशन, टाइप केलं की डावीकडे वर्षवार दांड्यांचा आलेख येतो. गेल्या पंचवीसेक वर्षांत दांड्या चढत गेलेल्या दिसतील. त्यावर भाळू नका, सगळ्याच वैद्यकात कागद वाढलेत. गंमत आहे ती एकेक शब्द बदलून पाहण्यात. 'गॅस्ट्रिक बँडिंग', म्हणजे पोटाला पट्टा आवळणं, टाकलं की चढून उतरलेली टेकडी दिसते. 'स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी', म्हणजे पोटाचा मोठा भाग काढून नळी ठेवणं, टाकलं की चढणच. मग 'सेमाग्लुटाइड', म्हणजे वजन घटवणारं इंजेक्शन, टाका. २०२१ साली आलेल्या मोठ्या चाचणीत या इंजेक्शनने ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के वजन घटलं. तेव्हापासून ऑपरेशन की इंजेक्शन, की दोन्ही, हा वाद कागदोकागदी आहे. इंजेक्शन थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्यातलं दोन-तृतीयांश वजन परत आलं, हेही त्याच चाचणीच्या पुढच्या अहवालात आहे. जाहिरातीत ते नसतं.

आता गाळणी लावा. डावीकडेच लेखाचा प्रकार निवडता येतो. 'रँडमाइज्ड कंट्रोल्ड ट्रायल'वर खूण करा. कोणाला कुठलं ऑपरेशन हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेले अभ्यास तेवढे उरतात. ढीग एकदम आटोक्यात येतो.

मग टक्केवारी. आमचा घोळ इथेच होता. विजेच्या बिलाच्या पाठीवर मी दिरांना मांडून दाखवलं: या उंचीला बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २५ धरला तर वजन साधारण ६८ किलो. म्हणजे जादा वजन ५०. पत्रकातले ७० टक्के हे या पन्नासाचे, म्हणून पस्तीस किलो जाणार, पस्तीस उरणार नाहीत. एकूण वजनाच्या भाषेत तेच तीस टक्क्यांच्या आत. इंजेक्शनवाले एकूण वजनाचे टक्के सांगतात, ऑपरेशनवाले बरेचदा जादा वजनाचे. दोन्ही आकडे शेजारी ठेवून तुलना केलीत तर फसलात.

पुढचा प्रश्न, किती वर्षं पाहिलं? वर्षभराचा निकाल सगळ्यांचाच गोड असतो. स्वीडनमध्ये १९८७ पासून ऑपरेशन केलेल्या २,०१० जणांचा माग ठेवला गेला, आणि वीस वर्षांनीही त्यांचं सरासरी वजन सुमारे १८ टक्क्यांनी कमीच होतं. वाचून मी हुरळले. नुसता गोषवारा वाचला होता ना! पूर्ण लेख उघडला तेव्हा कळलं की त्यातली बहुतेक ऑपरेशनं आज कोणी फारशी करत नाही अशा जुन्या पद्धतीची होती, आणि चिठ्ठ्या टाकून गटही पाडले नव्हते. तेव्हा लेख फुकट उघडत असेल तर पद्धतीचा भाग वाचाच. इंग्रजी जड वाटलं तर घरातल्या कॉलेजच्या पोराला बसवा.

स्लीव्हसाठी फिनलंडचा अभ्यास पाहा. २४० जण, निम्म्यांना स्लीव्ह, निम्म्यांना बायपास, म्हणजे पोटाची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडणं. दहा वर्षांचा निकाल २०२२ मध्ये आला. वजनात बायपास थोडं पुढे. पण माझं बोट दुसऱ्याच ओळीवर थांबलं: अन्ननलिकेला सूज स्लीव्हवाल्यांत ३१ टक्के, बायपासवाल्यांत ७. दिरांच्या शर्टाच्या खिशात कायम आम्लपित्ताच्या गोळ्यांची पट्टी असते. नाइट शिफ्टला दोन तरी लागतात. पत्रकात याचा 'प'सुद्धा नव्हता. डॉक्टरांनाही त्यांनी गोळ्यांचं सांगितलेलं नव्हतं, कारण कोणी विचारलंच नाही!

बिलाच्या त्याच कागदावर तीन प्रश्न लिहून दिले. माझी जळजळ पाहता स्लीव्हच का? तुमच्या पेशंटांचं पाच वर्षांनंतरचं वजन काय? बी-१२ आणि लोहाच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतील, त्याचा महिन्याचा खर्च किती?

डॉक्टर पहिल्या प्रश्नावर थांबले, म्हणाले, आधी एंडोस्कोपी करून अन्ननलिका पाहू. ती पुढच्या बुधवारी आहे.